पश्चिमेची काच आणि "मातीची" टेस्टिंग रूम

गोडीछाटणी:
जुन्नरकडच्या एका द्राक्षमळ्यातल्या नियोजित टेस्टिंग रूमचं, म्हणजे पाहुण्यांनी वाइन चाखायच्या जागेचं, वर्णन परवा इथे या चर्चेत आलं. 450 मिमी जाडीच्या धुमसलेल्या (थराथराने ठोकून घट्ट केलेल्या) मातीच्या भिंती, जुन्या वाड्यांचं सागवान, जमिनीखाली तळघर, आणि मावळतीकडे 8 मीटर रुंद, 3 मीटर उंच काच. वर "निसर्गस्नेही" हा शिक्का. त्या एका काचेने बाकी सगळ्यावर पाणी पडतं, हे कुणीच बोललं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे काढणी जानेवारी ते मार्च. गर्दी तेव्हाच, आणि तीही दुपारी 4 नंतर. फेब्रुवारीच्या मध्यात पुण्यात 4 वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण 33 अंशांवर असतो, 5 वाजता 21. 1.2 मीटरचा छज्जा काढलात तर 4 वाजता काचेचा वरचा सुमारे 90 सेंमी भाग सावलीत येतो, 5 वाजता अर्धा मीटरही नाही. चौरस मीटरला 600 वॅट ऊन धरा. 24 चौरस मीटर साध्या काचेतून साडेअकरा किलोवॅट उष्णता आत, म्हणजे सव्वातीन टनांचा एसी फक्त काचेपायी. लो-ई (उष्णता अडवणारा लेप असलेली) दुहेरी काच घेतली तरी सव्वा टन. आत बसलेल्या तीस माणसांची उष्णता वेगळीच.

इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा आणि मोठी काच उत्तरेला द्या. वेलींच्या ओळी बहुधा दक्षिणोत्तर असतात, त्यामुळे दोन ओळींमधली लांबलचक वाट उत्तरेच्या खिडकीतूनच दिसते. वाइनचा रंग पारखायलाही उत्तरेचाच स्थिर उजेड लागतो. मावळतीच्या तांबूस उजेडात कोवळी रेड आणि मुरलेली रेड यांच्या पेल्यातल्या कडेचा रंग वेगळा ओळखता येत नाही.

ओसरी:
गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. पुण्याहून माणूस शनिवारी दोन-अडीच तास गाडी हाकत सूर्यास्तासाठी येतो, ओळींमधली वाट बघायला नाही. गिऱ्हाईक फिरकलं नाही तर इमारत ओस पडेल, आणि ओस पडलेल्या इमारतीइतकी साहित्याची नासाडी दुसरी नाही. काचेबाहेर 3 मीटरची पडवी काढा, पडवीच्या कडेला वर गुंडाळता येणारे बांबूचे पडदे लावा, सहाच्या सुमारास वर करा. पडदा बाहेरूनच हवा. आतून लावला तर ऊन काच ओलांडून आलेलंच असतं. आणि एका काचेसाठी मातीच्या भिंतींना कशाला झोडपता?

मुरूम:
भिंतींना झोडपायलाच हवं, कारण "मातीची" म्हणून जे बांधलं जातंय त्यात सिमेंट किती हे कुणी सांगत नाही. धुमसलेली माती घनमीटरला 2,000 किलो. 10 टक्के सिमेंट म्हणजे 200 किलो. 450 मिमी भिंतीच्या एका चौरस मीटरला 90 किलो. साधी 150 मिमी काँक्रीटची भिंत 48 किलोत होते. मग कसली मातीची भिंत? मातीच्या रंगाचं जाडजूड काँक्रीट आहे ते. शेतातलीच काळी माती वापरू म्हणणारे तर आणखी पुढचे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिला सिमेंट नाही, चुना लागतो, आणि तरीही भिंतीसाठी मुरूम आणि दगडाची कच मिसळल्याशिवाय भागत नाही.

ओसरी:
10 टक्के कोण घालतं? मिश्रण नीट जमलं तर 6 टक्क्यांत काम होतं. ओल 8 ते 12 टक्के ठेवायची. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि छातीच्या उंचीवरून टाकायचा. चार-पाच ढेकळं झाली तर ओल बरोबर, चिखलासारखा चपटला तर जास्त, भुगा झाला तर कमी. 150 मिमी सैल थर धुमसून 100 मिमी करायचा. ठेकेदार 300 चा थर एकदम टाकतात, खालचा भाग भुसभुशीत राहतो, आणि मग त्यावर उपाय म्हणून सिमेंट वाढवतात. दोष पद्धतीचा नाही, घाईचा आहे.

मुरूम:
6 टक्के धरले तरी 54 किलो. काँक्रीटपेक्षा जास्तच.

ओसरी:
काँक्रीटमधलं लोखंड सोयीस्करपणे वगळलंत. आणि 150 मिमी काँक्रीट दुपारची उष्णता चारेक तासांत आत सोडतं, नेमकी गर्दीच्या वेळी. बरं, 450 ची गरज नाही एवढं कबूल करतो. 300 मिमी केली तर 36 किलोत भागतं आणि उष्णता आत पोचायला आठेक तास लागतात. त्याआधी पाहुणे गेलेले असतात. फेब्रुवारीत पहाटे पारा 12–13 पर्यंत उतरतो. रात्री वरची झडपं उघडी ठेवली की भिंत पुन्हा गार. मात्र 450 मिमी उंचीचं काळ्या दगडाचं जोतं आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील असं छप्पर, यावर तडजोड नको.

गारवा:
तळघराचं कुणीच बोलेना. जमिनीत 4–5 मीटर खाली तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीइतकं असतं. शँपेन प्रांतात रीम्सच्या खडूच्या खाणींत 10–12 अंश मिळतात, कारण तिथली सरासरीच तेवढी. पुण्याची सरासरी 25 च्या आसपास. वाइन साठवायला लागतात 13–15. म्हणजे खोदूनही गार करायचं यंत्र लागणारच.

ओसरी:
पण बाहेर 38 आणि जमिनीत 25, हा फरक काही कमी नाही.

गारवा:
मोजू या. 4 बाय 4 बाय 3 मीटरची खोली, सगळे पृष्ठभाग मिळून 80 चौरस मीटर, 100 मिमी पफ पॅनल (उष्णता रोखणाऱ्या फोमचे तक्ते). जमिनीवर बांधली तर ऐन उन्हात साधारण 440 वॅट उष्णता आत येते, जमिनीखाली 200. वाचली 240 वॅट, यंत्राच्या विजेत जेमतेम 100. एवढ्यासाठी ब्रेकर लावून काळा पाषाण फोडायचा आणि दर पावसाळ्यात सांध्यांतून झिरपणारं पाणी उपसत बसायचं?

वखारवाला:
सागवानाचं मी सांगतो. जुन्या वाड्यांच्या तुळया नवीन लाकडापेक्षा चांगल्या: पूर्ण वाळलेल्या, पीळ मारत नाहीत. खिळे काढून, रंधा मारून, सरळ वापराव्यात. नवीन झाड तोडण्यापेक्षा केव्हाही बरं.

गोडीछाटणी:
सरळ अजिबात नाही. वाळवीसाठी अशा लाकडांवर पूर्वी काय काय फासलं गेलं याची नोंद नसते. पेंटाक्लोरोफेनॉल किंवा त्याच्या जातीचं दुसरं क्लोरोफेनॉल असेल आणि लाकडाला ओल लागली, तर बुरशी त्यापासून टीसीएसारखी वास मारणारी क्लोरोॲनिसोल रसायनं करते. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास. टीसीएचा तर वाइनमध्ये लिटरला 2 ते 5 नॅनोग्रॅमलाही जाणवतो. हवेतून पसरतो, बुचांत, पिंपांत, बेंटोनाइटच्या (वाइन नितळ करायच्या मातीच्या) पोत्यांत बसतो. एका तुळईपायी तळघरातला सगळा माल जाऊ शकतो.

वखारवाला:
प्रत्येक जुन्या लाकडाला विषारी ठरवू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या वाड्यात कुठलं आलंय क्लोरोफेनॉल? लोक असं काहीतरी वाचतात आणि चांगला माल जळणात जातो. राग येतो अशानं.

गोडीछाटणी:
वाडा शंभर वर्षांचा असेल, डागडुजी नंतरच्या काळातली असते. राग बाजूला ठेवा आणि तपासा. प्रत्येक तुळईचा पृष्ठभागाजवळचा भुसा काढा, साध्या पांढऱ्या वाइनमध्ये दोन दिवस काचेच्या झाकणबंद बरणीत ठेवा. शेजारी नुसत्या वाइनची बरणी. वास वेगळा आला की तुळई बाद. वास आला नाही म्हणजे निर्धास्त असंही नाही, शंका असेल तर प्रयोगशाळेत पाठवा. नव्या बांबूला आणि लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिड द्या, त्याला वास नाही. आणि लाकडावर ब्लीच कधीच नाही. ब्लीचमधल्या क्लोरीनपासूनही हाच त्रास उभा राहतो.

वखारवाला:
बरणीची तपासणी करायला हरकत नाही, खर्च काहीच नाही. पण ठेवणीच्या खोलीत लाकूड नको, पडवीत चालेल, असं म्हणा. उघड्यावर वास साठत नाही.

गोडीछाटणी:
पडवीत चालेल, बरणीच्या तपासणीनंतर. ठेवणीच्या खोलीत लाकडी फळीसुद्धा नको.

ओसरी:
तळघर सोडलं. लाकूड पडवीपुरतं. काच मात्र पश्चिमेलाच.

गोडीछाटणी:
मग 24 नाही, 8 चौरस मीटर करा, आणि बसायची जागा पडवीत काढा. सूर्यास्त बघायला मधे काच लागत नाही. पडद्यांना खाली नळीचं वजन आणि दोन्ही बाजूंना तारेचे मार्गदर्शक घाला, नाहीतर मार्चमधल्या पहिल्याच वावटळीत फाटतील.