छोटं पिस्तूल घ्यायचंय, कॅलिबर कोणतं?

विषय: जवळ बाळगायला .३८० की नाइन एमएम?

नमस्कार मंडळी,

परवाना हातात आला, प्रशिक्षणही पूर्ण झालं. आता घोडं अडलंय ते कॅलिबरपाशी, म्हणजे काडतुसाच्या मापापाशी. माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याला संधिवात आहे. ज्याला विचारावं तो सांगतो, "ताई, तुमचा हात नाजूक. .३८० घ्या, धक्का कमी बसेल." म्हणून मैत्रिणीचं तळहातात मावेल एवढं .३८० चालवून पाहिलं. चौथ्या बारानंतर अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात असं झणझणलं की उरलेल्या दोन गोळ्या नाइलाजाने झाडल्या. स्लाइड (गोळी भरायला मागे ओढतो तो पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) तर अर्ध्यावरच अडकत होती.

हे झेपत नाही तर नाइन एमएमचं नावच काढायला नको ना? की आणखी खाली, .२२ वर जाऊ? ज्यांनी बरीच वर्षं चालवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

– एक सभासद

उत्तर: जवळ बाळगायला .३८० की नाइन एमएम?

ताई,

मी बरीच वर्षं नवख्यांना नेमबाजी शिकवतो आहे. तुमच्यासारखाच अनुभव घेऊन आलेली कितीतरी माणसं पाहिली. त्यांतल्या बहुतेकांना कुणीतरी मायेनेच "लहान गोळी, लहान धक्का" असं सांगितलेलं असतं. पण धक्का एकट्या गोळीवर ठरत नाही. पिस्तुलाच्या वजनावरही ठरतो.

ढोबळ हिशेब मांडतो. .३८० ची नेहमीची गोळी ९५ ग्रेनची, म्हणजे साधारण ६ ग्रॅमची. छोट्या नळीतून ती सेकंदाला २९० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. नाइन एमएमची १२४ ग्रेनची गोळी ८ ग्रॅमची आणि तिचा वेग ३३५ मीटरच्या आसपास. गोळीचा संवेग म्हणजे वजन गुणिले वेग. त्याला पिस्तुलाच्या वजनाने भागलं की पिस्तूल हातात किती वेगाने मागे येतं ते कळतं. तुम्ही चालवलंत तसलं चिमुकलं .३८० रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर भरतं. ते सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने मागे येतं. पाचशे ग्रॅमचं नाइन एमएम साडेपाचच्या आत राहतं. बारुदाच्या वायूचा वाटा यात धरलेला नाही, पण तुमच्या बेचक्यात का झणझणलं ते एवढ्यावरूनही समजेल. शिवाय त्या पिस्तुलाची मूठ इतकी आखूड असते की करंगळी हवेतच राहते आणि सगळा मार अंगठ्याच्या बुडाशी येतो.

स्लाइडचंही तसंच. जुन्या घडणीच्या बऱ्याच .३८० पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवलेल्या नसतात. गोळी बाहेर पडेपर्यंत स्लाइड थोपवून धरायची ती फक्त स्प्रिंगने आणि तिच्या स्वतःच्या वजनाने. मग स्प्रिंग दणकट घालावी लागते. नाइन एमएमचा दाब दीडपटीहूनही जास्त, पण आजच्या पिस्तुलांत बार उडताना नळी आणि स्लाइड जोडलेल्या राहतात, थोडं मागे आल्यावर सुटतात. त्यामुळे कित्येकदा नाइन एमएमचीच स्लाइड हलकी लागते. स्लाइड सहज ओढता यावी म्हणून मुद्दाम मऊ स्प्रिंगची बनवलेली पिस्तुलंही दोन्ही कॅलिबरमध्ये मिळतात. ती आधी हातात घ्या. आणि स्लाइड चिमटीत धरून ओढू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर सुरक्षित दिशेलाच ठेवा, डाव्या हाताची चारही बोटं स्लाइडवरून घालून ती घट्ट धरा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. अंगठ्याच्या सांध्यावरचा बराचसा भार त्याने दंडावर जातो.

आता गोळीच्या कामाबद्दल. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेची, दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला नाइन एमएमची गोळी दंडातून छातीत शिरून हृदयाच्या थोडं अलीकडे थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. एफबीआयने त्यातून धडा घेतला की गोळी पुरेशी खोल जायलाच हवी. तेव्हापासून त्यांच्या चाचणीत मांसाऐवजी वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच ही मर्यादा धरतात; ठोकळ्यापुढे जाड कापडही लावतात. त्या खटपटीतून एफबीआय आधी १० एमएमच्या मोठ्या काडतुसाकडे वळली, १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू हे काडतूस बाजारात आलं आणि पुढे वर्षानुवर्षं पोलिसांच्या कमरेला राहिलं. दरम्यान गोळ्या सुधारत गेल्या. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने लिहून दिलं की चांगल्या नाइन एमएम गोळीत आणि मोठ्या कॅलिबरमध्ये परिणामाचा फरक उरलेला नाही आणि बहुतेक एजंट नाइन एमएमने जास्त वेगाने, जास्त अचूक नेम साधतात.

.३८० इथे कमी पडतं. हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली आणि आत शिरल्यावर फुलणारी गोळी, नीट उमलली तर बऱ्याचदा १२ इंचांच्या अलीकडेच थांबते आणि कापडाने टोक बुजून उमलली नाही तर आरपार जाते. काही काडतुसं हा तोल साधतात, पण ती शोधून घ्यावी लागतात. आरपार गेलेली गोळी पलीकडच्या माणसाला लागू शकते, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो.

.२२ सरावाला उत्तम, बाळगायला नको. तिचा ठिणगी देणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो, तो कधी सगळीकडे सारखा पसरत नाही. चाप ओढला आणि नुसता 'टक्' आवाज आला, असं तिच्यात, ज्यांचा मसाला बुडाच्या मधोमध वेगळ्या टोपीत (प्रायमरमध्ये) असतो त्या काडतुसांपेक्षा जास्त होतं.

तेव्हा माझं मत: पाचशे-साडेपाचशे ग्रॅमचं, करंगळी मुठीवर बसेल असं, मऊ स्प्रिंगचं नाइन एमएम. त्यानेही हात दुखला तर त्याच आकाराचं .३८० जरूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

– काका

उत्तर: जवळ बाळगायला .३८० की नाइन एमएम?

काका, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण .४५ चा तुम्ही उल्लेखही केला नाहीत. १९११ पासून अमेरिकी सैन्याने कित्येक दशकं वापरलेलं काडतूस आहे ते. मी आजही तेच बाळगतो. भोक मोठं पडतं, हे तर कुणी नाकारणार नाही ना?

– दादा

उत्तर: जवळ बाळगायला .३८० की नाइन एमएम?

दादा, भोक मोठं पडतं हे खरं, आणि मोठ्या पिस्तुलातून .४५ चालवण्याचा आनंद मलाही ठाऊक आहे. व्यासातला फरक अडीच मिलिमीटरचा: ९ आणि साडेअकरा. पिस्तुलाच्या गोळीला रायफलीच्या गोळीचा वेग नसतो, त्यामुळे आजूबाजूचं मांस क्षणभर ताणलं जातं त्याच्या भरवशावर राहता येत नाही. गोळी ज्यातून प्रत्यक्ष गेली तेवढंच तिचं काम. म्हणून ती कुठे लागली आणि किती खोल गेली, हे मी अडीच मिलिमीटरच्या आधी बघतो.

ताईंना हवंय छोटं पिस्तूल. तेवढ्या आकारात .४५ च्या सहा-सात गोळ्या मावतात, नाइन एमएमच्या दहा. २३० ग्रेनची गोळी सहाशे ग्रॅमच्या पिस्तुलातून सुटली की दुसरा नेम धरायला माझ्यासारख्यालाही वेळ लागतो. तुमचा हात तयार आहे, तुम्ही जरूर बाळगा. दुखरा अंगठा घेऊन सुरुवात करणाऱ्याला मात्र मी ते देणार नाही.

– काका

उत्तर: जवळ बाळगायला .३८० की नाइन एमएम?

काका, दादा, आभार.

सांगितल्याप्रमाणे दोन पिस्तुलं मागून चालवली, दोन्ही मऊ स्प्रिंगची, एकाच घडणीची, एक .३८० आणि एक नाइन एमएम. छातीजवळ धरून मूठ पुढे ढकलली आणि स्लाइड पहिल्याच झटक्यात मागे आली. मला क्षणभर खरंच वाटेना. पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

.३८० जास्त मऊ लागलं, हे प्रामाणिकपणे सांगते. पण नाइन एमएमनेही बेचक्यात झणझणलं नाही. सात यार्डांवर दोन्हींच्या वीस-वीस गोळ्या झाडल्या. कागदावर दोन्हींची भोकं तळहाताएवढ्या जागेत होती, म्हणून नाइन एमएमच ठरवलं.

एकच अडचण आली. शेवटच्या मॅगझीनला हात थकला, मनगट सैल पडलं आणि रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभीच अडकली. प्रशिक्षक म्हणाले, पिस्तुलात दोष नाही, पकड ढिली झाली. मी तिथेच थांबले. आता रोज दहा मिनिटं चेंडू दाबते आहे. बाळगायच्या हॉलो पॉइंट गोळ्या त्या पिस्तुलातून न अडकता चालतात हे बघितल्याशिवाय ते कमरेला लावणार नाही.

काका, तीन इंची नळीला १२४ ग्रेन बरी की १४७? आणि आखूड नळीसाठी म्हणून वेगळी बनवतात, त्या गोळ्या कमी वेगातही उमलतात का?

– ताई

उत्तर: जवळ बाळगायला .३८० की नाइन एमएम?

ताई, त्या गोळ्या कमी वेगात उमलाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात, तेव्हा तुमच्या नळीला त्याच घ्या. १२४ ने सुरुवात करा. प्लस-पी लिहिलेली पेटी नको. दाब जास्त, धक्का जास्त, तुमच्या अंगठ्याला उगाच त्रास. पहिल्या पन्नास गोळ्या एका दमात झाडू नका. दहा झाल्या की पिस्तूल रिकामं करा, चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत) बोट घालून खात्री करा, मेजावर ठेवा आणि हात मोकळा सोडा.

– काका