८ मे १९३०चा फलक: शिपायांचा उल्लेख करायचा की नाही?

पूर्वभाग
मंडळी, १२ जानेवारीला शाळेत सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर तीन बाय दोन फुटांचा फलक लावायचाय. मजकुरावरून शिक्षकांतच दोन तट पडलेत. मंगळवार पेठ चौकीत पोलीस शिपाई मारले गेले, ते लिहायचं की गाळायचं? आणि ‘मार्शल लॉमध्ये (लष्करी कायद्यात) फाशी’ असं लिहिलं तर चालेल ना?

रूपाभवानी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही चालणार. मार्शल लॉ १२ मे १९३०ला लागला आणि जूनअखेर उठला. येरवड्यात फाशी झाली १२ जानेवारी १९३१ला. मध्ये सहा महिने गेले. मार्शल लॉचं लष्करी कोर्ट वेगळं, शिपायांच्या खुनाचा हा खटला वेगळा. दोन्हींची सरमिसळ झाली की निम्मा फलक तिथेच चुकतो.

शंकर शिवदारे चौघांत नाहीत, हेही स्पष्ट लिहा. ते ८ मेलाच गोळीबारात गेले, चौघे फासावर गेले. एका ओळीत पाच नावं कोंबली की मुलं पाचांना फाशी झाली असंच धरून चालतात.

जुनीगिरणी
क्रम असा ठेवा. ५ मे: गांधीजींच्या अटकेची बातमी, हरताळ. ८ मे: रूपाभवानी भागात शिंदीची झाडं तोडणारे लोक, पोलीस, कलेक्टर नाइट (Knight), गोळीबार. मग मंगळवार पेठ चौकी आणि कोर्टाची जाळपोळ. वाद आहे तो गोळीबाराच्या टप्प्यावरच. सरकारी कागद जमावाच्या दगडफेकीपासून सुरू होतो, सोलापूरची आठवण गोळीपासून. दोन्ही बाजू एकेका वाक्यात मांडा आणि कुठली कोणाची ते लिहा. ‘म्हणे’, ‘कथित’ पेरत बसू नका, त्यानं दोन्ही बाजू चिडतात.

शिपायांचं मात्र गाळू नका. चौघांवर आरोपच त्या खुनाचा होता. तो काढला तर फाशी कशासाठी, याला फलकावर उत्तर उरत नाही.

पूर्वभाग
पण ‘आरोप’ लिहिलं की ‘हुतात्म्यांना खुनी म्हणता का’ असं येतं.

जुनीगिरणी
येणारच. म्हणून क्रियापद जपून. ‘चौघांनी मारले’ नको, ‘खुनाच्या आरोपावरून चौघांना फाशी देण्यात आली’ असं लिहा. पुढच्याच वाक्यात ‘चौघे निर्दोष होते, त्यांना गोवलं, अशी शहराची धारणा आहे’. धारणा आहे, निकाल नव्हे. दोन वाक्यं एकमेकांत मिसळू देऊ नका.

रूपाभवानी
नावं पूर्ण द्या: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चारही फोटो एकाच मापाचे. एक जरा मोठा झाला की ‘आमचा तो’ सुरू होतं, आणि मग फलक बाजूलाच राहतो.

जुनी कागदपत्रं हवी असतील तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर गृह विभागाच्या १९३०च्या राजकीय फायली बघा. इंग्रजीत आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर फारसं सापडत नाही, एस-एच असलेलं जुनं ‘शोलापूर’ टाका.

फ्लेक्सवाला
मजकूर १३० शब्दांच्या वर नेऊ नका. पाच-सहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर किमान ३६ पॉइंट. फाइल देताना सगळी अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टऐवजी आकृतीत बदलून) पीडीएफ द्या, नाहीतर फॉन्ट बदलतो आणि ‘मल्लप्पा’तली जोडाक्षरं फुटतात. छापण्याआधी नावांची प्रिंट साध्या कागदावर काढून दोघांकडून वाचून घ्या.