मदत हवी आहे : हेम्पच्या बियांचे तेल काढताना निघणाऱ्या कोंड्याचे काय करावे?

नमस्कार. डिचोलीत आमचा खोबरेल तेलाचा लाकडी घाणा आहे. गेल्या वर्षापासून आम्ही उत्तराखंडातून हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या कमी नशेच्या वाणाच्या, बिया मागवून त्यांचेही खाद्यतेल काढतो आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकतो. उत्तराखंडात 2018 पासून परवान्यावर हेम्पची शेती होते. पिकात टीएचसी हे नशेचे द्रव्य 0.3 टक्क्यांहून अधिक असता कामा नये, अशी अट आहे.

1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांची सोबत नसलेल्या बिया आणि पाने त्या व्याख्येत येत नाहीत. नोव्हेंबर 2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली, फक्त तेलातले टीएचसी ठरलेल्या मर्यादेच्या आत हवे. असे असूनही ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीने कारण न सांगता आमचे खाते बंद केले आणि कुरिअरवाल्याने लेबल वाचून खोके परत केले. बँकेतल्या गृहस्थांनी तर हसत विचारले, "हे गांजाचेच ना?"

खरी अडचण मात्र चाळणीत आहे. बियांना फुलोऱ्याची चिकट, हिरवट तपकिरी टरफले लागलेली असतात. बियांत सापडणारे टीएचसी मुख्यतः त्यांच्यामुळेच येते, म्हणून घाण्यात घालण्यापूर्वी आम्ही बिया दोनदा चाळतो. पोत्यामागे ओंजळभर कोंडा निघतो. हा कोंडा कायद्याने गांजा ठरतो का? ठरत असल्यास, शेतकऱ्याकडून चोख बिल घेऊनही आम्ही आरोपी होऊ शकतो का? अबकारी खात्याकडे अर्ज करावा, की अन्न व औषध प्रशासनाकडे?

माझी भाची फार्मसीत पदव्युत्तर शिक्षण घेते. तिला याच कोंड्यातील रासायनिक घटकांचा अभ्यास करायचा होता. कायदा वैज्ञानिक कामाला मुभा देतो, पण परवाना हाती येईपर्यंत अभ्यासक्रम संपेल, या धास्तीने मार्गदर्शकांनी तिला अभ्यासाला अडुळसा दिला. 2020 च्या डिसेंबरात गोव्यात गांजाच्या औषधी लागवडीच्या प्रस्तावावर गदारोळ झाला आणि मुख्यमंत्र्यांनी तो नाकारला. तेव्हापासून गांजा हा शब्द काढला की कचेरीतला माणूस सावरून बसतो, असा माझा अनुभव आहे.

वकील किंवा या धंद्यातील कोणी असल्यास कृपया अर्जाचा मार्ग सांगावा. तूर्त कोंडा स्टीलच्या डब्यात झाकून ठेवला आहे. तो जाळायचीही भीती वाटते.