‘हौशी’ म्हणजे नेमका कोण?

नौपाडाकर : आमच्या पूल पार्लरच्या, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीनं कडेच्या पॉकेटात ढकलायच्या अड्ड्याच्या, काचेवर परवा कागद लागला. ‘पूल स्पर्धा. फक्त हौशी खेळाडूंसाठी.’ मार्करनंही नाव दिलं आणि वाद पेटला. त्रिकोणात पंधरा बॉल रचायचे, तासांचा हिशेब ठेवायचा, यासाठी त्याला पगार मिळतो. रात्री शटर अर्धं ओढलं की एकटाच खेळत असतो. बाहेर फक्त क्यूला, त्या काठीला, खडू घासल्याचा आवाज येतो. काहींचं म्हणणं, ज्याचं पोट टेबलावर तो हौशी कसला? शब्द काय म्हणतो?

वाशीकर : ‘हौस’ मूळची अरबी ‘हवस’, आपल्याकडे फारसीतून आली. उर्दूत तिला अजून वासनेचा वास आहे, मराठीत मात्र ती डोहाळजेवणापर्यंत पोचली. इंग्रजीतला ‘ॲमॅच्युअर’सुद्धा लॅटिनमधल्या ‘प्रेम करणे’ या क्रियापदावरून आलेला. दोन्ही शब्द माणूस का खेळतो ते सांगतात. कसा खेळतो, याबद्दल अवाक्षर नाही. नवशिक्याला हौशी म्हणायची सवय आपण मागाहून लावून घेतली. भारताचे विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले ते हौशी गटातच. त्यांना कच्चे म्हणणार का?

कोपरीकर : नाटकवाल्यांना विचारा. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी वेगळे, व्यावसायिक वेगळे. बँकेतून सुटून तालमीला पळणारा माणूस तीस वर्षं हौशीच राहतो आणि भल्याभल्यांना खाऊन टाकतो. (‘धंदेवाईक रंगभूमी’ हाही एके काळी साधा शब्दप्रयोग होता. आज कुणाला धंदेवाईक म्हणून बघा!)

नौपाडाकर : ते ठीक. पण मार्करचं काय?

वाशीकर : पगार टेबल लावण्याचा आहे, खेळण्याचा नाही. नाट्यगृहात पडदा ओढणाऱ्यानं हौशी नाटकात काम केलं तर तुम्ही अडवाल? इंग्लंडात हेन्लेच्या होड्यांच्या शर्यतीत १८७९ च्या नियमानं कारागीर-मजुरांना ‘हौशी’ या व्याख्येतूनच वगळलं होतं. होडी वल्हवण्याचे पैसे त्यांनी घेतले की नाही, हे विचारायचंही कारण नव्हतं. तुमच्या पार्लरमधला वाद मला त्याच जातीचा वाटतो.

ऐरोलीकर : मार्करला सोडा हो. खरी डोकेदुखी वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्यांची. पहिले दोन गेम मुद्दाम हरायचे, सोपा बॉल पॉकेटच्या तोंडाशी ठेवून कपाळाला हात लावायचा, आणि समोरचा फुशारला की पैज वाढवायची. जत्रेत हौशे, नवशे, गवशे असतात ना? हे गवशे. फॉर्मवर मात्र ‘हौशी’ लिहितात. गंमत म्हणजे या खेळाचं ‘पूल’ हे नावच पैजेसाठी एकत्र केलेल्या पैशावरून पडलं. अमेरिकेत घोड्यांवर पैसे लावायच्या अड्ड्यांवर लोकांचा वेळ जावा म्हणून टेबलं मांडत, त्या अड्ड्यांनाच पूलरूम म्हणत.

कोपरीकर : म्हणून एका विशेषणावर भिस्त ठेवू नका. कमाईची अट असेल तर कमाईचं लिहा, नवख्यांसाठी असेल तर ‘नवोदित’ लिहा.

नौपाडाकर : मालकांना सांगितलं. त्यांनी खाली पेनानं ओळ वाढवली : ‘खेळण्याचे किंवा शिकवण्याचे पैसे घेणाऱ्यांनी नाव देऊ नये.’ कागद पुन्हा चिकटवला तो मार्करनंच. चिकटवून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘दादा, शाळेतली पोरं येतात त्यांना क्यू धरायला दाखवतो, वीस-वीस रुपये देतात. त्याचं काय करू?’

सांगा आता.