उकडू नका, तव्यावर परता

ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे इवल्या कोबीसारखे गड्डे, उकडले की उग्र वास येतो आणि मुलं ताट सरकवतात, अशी तक्रार असते. मग उकडूच नका! कोबीच्याच जातीतले हे. जास्त शिजले की गंधकयुक्त द्रव्यं मोकळी होतात, वास त्यांचाच.

आम्ही इंदूरला गड्डे धुऊन, उभे अर्धे चिरून अगदी कोरडे करतो. लोखंडी तव्यात शेंगदाण्याचं तेल, मोहरी, हिंग. कापलेली बाजू खाली ठेवायची, झाकण नाही, आणि कडा गडद तांबूस होईपर्यंत हलवायचं नाही. इथे घाई केली की सगळं फसतं. मग उलटून थोडं परतायचं, मीठ, लिंबू आणि वरून सढळ हाताने जिरावण, म्हणजे इंदुरी चटपटा मसाला, पोह्यांवर भुरभुरवतो तोच! सासूबाई पोळीबरोबर खातात, मुलं तव्यावरूनच उचलतात. ओव्हनमध्ये करायचे तर २०० अंशांवर २०-२५ मिनिटं, फोडणी वरून.