डार्क रोमान्स : वाचकाला त्यात नेमके काय मिळते?

कर्वेनगरची वाचक (धागाकर्ती) :
नायक नायिकेचा पाठलाग करतो, तिला पळवून नेतो किंवा कोंडून ठेवतो आणि तरीही कथा प्रेमकथा म्हणूनच वाचली जाते, अशा डार्क रोमान्स प्रकारातील इंग्रजी कादंबऱ्या आता फर्ग्युसन रस्त्यावरच्या पदपथापर्यंत पोहोचल्या आहेत. महाविद्यालयीन मुली त्यांच्यावर रील्स करतात. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या बायकाही त्या वाचतात, फक्त चारचौघांत सांगत नाहीत. ‘यांना असा नवरा हवा आहे का?’ असे त्यावर हटकून विचारले जाते आणि तो प्रश्नच मला गैरलागू वाटतो. माझ्या मते या कथांची ओढ भीतीची नसून भीतीवर मिळणाऱ्या ताब्याची आहे. रात्री उशिरा एकटीने रिक्षातून घरी येताना पुढे काय होईल याची खात्री कोणी देत नाही. कादंबरीचा शेवट मात्र बहुधा गोड असणार हे आधीच ठाऊक असते आणि नकोसे झाले तर पुस्तक मिटता येते. शिवाय साऱ्या जगाला धाक घालणारा पुरुष शेवटी एका स्त्रीपुढे गुडघे टेकतो, यातले सुख कमी लेखू नये. अमेरिकी अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींनी हेच सांगितले होते, की वाचनाचा तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा असतो.

सदाशिवपेठी :
आपण रॅडवे यांचा दाखला अर्धाच दिला आहे. बलात्कार आणि मारहाण करणारा नायक आम्हाला नको, असेही त्याच गृहिणींनी स्पष्ट सांगितले होते. रॅडवे यांचा आक्षेप तर याहून खोल आहे : पुरुषाचा तुसडेपणा म्हणजे दडलेले प्रेम असे वाचण्याची सवय या कथा लावतात आणि मग घरातला तुसडेपणाही तशाच नजरेने पाहिला जातो. ताब्याचे म्हणाल, तर हिंसा, अपहरण, पाठलाग अशा गोष्टींची यादी देणारे इशाऱ्याचे पान आतल्या बाजूला छापलेले असते. पदपथावरची प्रत प्लॅस्टिकमध्ये बंद असते आणि वर दिसतात ती गुलाबाची फुले. ते पान विकत घेण्याआधी वाचायचे कसे?

कोर्टातली एक :
मी वकिली करते, म्हणून एवढेच नोंदवते. स्त्रीचा पाठलाग हा आपल्याकडे २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो आणि पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र माझ्याकडे आलेल्या कोणत्याही आरोपीने डार्क रोमान्स वाचलेला नव्हता. नायिकेने नाही म्हटले तरी तिच्या मागे लागायचे, हे त्या मुलांनी सिनेमात पाहिले होते आणि ते सिनेमे आपण सहकुटुंब पाहिले आहेत.

क्रमशः :
मी मराठीत अ‍ॅपवर मालिका लिहिते, त्यामुळे मला दोन्ही बाजू थोड्या अपुऱ्या वाटतात. छापील कादंबरी लिहून पूर्ण झालेली असते; मालिकेचा पुढचा भाग मात्र प्रतिसाद वाचून लिहिला जातो. माझ्या एका कथेत नायक बाहेरून कडी लावून निघून जातो. वाचकाला त्याची चीड यावी म्हणून मी तो प्रसंग घातला होता, पण खाली ‘किती काळजी करतो तिची!’, ‘पुढचा भाग लवकर टाका’ अशी रांग लागली. मी पुढच्या भागात त्याला माफी मागायला लावली, तेव्हा वाचक घटले.

कर्वेनगरची वाचक :
सदाशिवपेठी, प्लॅस्टिकबाबतचा आपला मुद्दा रास्त आहे. इशारा मागच्या मुखपृष्ठावर छापायला प्रकाशकांना काहीच अडचण नसावी. क्रमशः यांनी सांगितलेला अनुभव मात्र मला खरोखर अस्वस्थ करतो, कारण कडी लावणे म्हणजे काळजी, असे म्हणणाऱ्या बाईला त्या प्रसंगात भीती दिसलेलीच नाही आणि ज्या ताब्याविषयी मी वर लिहिले तो तिच्या बाबतीत लागूच पडत नाही. पण ही समजूत तिला कादंबरीने दिली असे मी मानत नाही. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतो’ हे वाक्य आपल्या घरांतून फार आधीपासून ऐकू येते. क्रमशः, माफीचा भाग काढू नका. वाचक घटले तरी तो राहू द्या.