नवीन रेक आला तेव्हा... पहिल्या दिवसांचे तुमचे अनुभव लिहा

सात बावन्न
परवा बातमी वाचली, मुंबईच्या विनाएसी लोकललाही आता आपोआप बंद होणारी दारं येणार म्हणून. दारांना हवेसाठी झडपा, छपरावर हवा आत घेणारी यंत्रं, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी रचना. ९ जून २०२५ ला मुंब्र्याला गर्दीच्या लोकलमधून माणसं पडून गेली, त्यानंतर हे ठरलं, त्यामुळे मी तरी अगदी डोळे लावून बसलेय या गाड्यांकडे. पण वाचता वाचता एकदम २००७ चा शेवट आठवला, ते पांढरे-जांभळे नवे रेक, म्हणजे अख्ख्या नव्या गाड्या, पहिल्यांदा आल्या ना, तेव्हाचा.

मी तेव्हा नोकरीला लागून चारच महिने झाले होते. आमची सात बावन्न रोजची, तिसरा डबा, दारापासून दुसरी रांग, वर ठरलेली कडी. त्या दिवशी इंडिकेटरवर आमचीच गाडी आणि आली ती ही नवी कोरी. गर्दी एक सेकंद थांबली हो चक्क, कुणी चढेचना, मग मागून कुणीतरी ओरडलं "अगं आपलीच आहे, चढा!" आणि सगळ्या एकदम. आत गेल्यावर सवयीने हात वर गेला तर कडी जिथे असायची तिथे नाहीच, हात नुसता हवेत. मी पडले ती एका काकूंच्या अंगावर, त्यांनी धरलं घट्ट आणि उतरेपर्यंत सोडलंच नाही. वरून ब्लोअरची गार हवा थेट ओल्या केसांवर. आमच्या डब्यात भजनाचा ग्रुप होता, त्यांचा आवाजच ऐकू येईना त्या घरघरीत, मग आठवडाभर जागा बदलून बदलून त्यांनी ब्लोअर नसलेला कोपरा शोधला आणि तिथून परत टाळ सुरू झाले.

तुमच्याकडेही असतील असे दिवस. नवीन गाडी आली, काय अडलं, काय बिघडलं, कसं जमवून घेतलंत, लिहा.

कोपऱ्यातली खिडकी
ब्लोअर!! मी दोन वर्षं बॅगेत मफलर ठेवायचे, मे महिन्यातसुद्धा

मोटरमनची लेक
आमच्या घरात नवीन रेक म्हणजे बाबांची वही. बाबा मोटरमन होते, आता रिटायर. नवे रेक आले तेव्हा ते पन्नाशीला आलेले आणि सगळ्यांना परत ट्रेनिंग. रात्री जेवण झालं की माझी शाळेची जुनी वही घेऊन बसायचे आणि केबिनमधली बटणं पेन्सिलीने काढायचे, कुठलं कुठे. मी समोर बसून विचारायचे, हे काय, ते काय, आणि ते वहीत न बघता सांगायचे, चुकले की स्वतःच हातावर चापट.

जुन्या गाडीत बिघाड आवाजावरून कळायचा त्यांना. कुठल्या डब्याखाली काय कुरकुरतंय ते सांगायचे. नव्या गाडीत स्क्रीनवर लाल चौकोन येतो आणि खाली मजकूर. सुरुवातीला तो चौकोन नुसता यायचा आणि जायचा, खरं बिघडलंय की स्क्रीनच सांगतेय हे कळायचं नाही. मग काय, गाडी उभी करायची, पेंटो (छपरावरून तारेला टेकून वीज घेतो तो सांगाडा) खाली, सगळं बंद, थोडं थांबायचं, परत वर. मागे चार-पाच हजार माणसं अंधारात. बाबा म्हणायचे तेवढी दोन-तीन मिनिटं फार मोठी असतात, कारण लोक काय बोलत असतील ते त्यांना केबिनमध्ये बसून माहीत असायचं.

आणि ब्रेक. जुन्या गाडीला कुठल्या खांबापाशी ब्रेक धरला की गाडी कुठे थांबणार हे त्यांच्या हाताला पाठ होतं. नवीन गाडीत मोटरच जनरेटरसारखी चालून वीज परत तारेत पाठवते आणि त्यानेच गाडी हळू होते, अगदी शेवटी हवेचा ब्रेक लागतो. त्या दोन्हीच्या सांध्यावर हात बसायला त्यांना दोनेक महिने लागले. प्रत्येक स्टेशनचा खांब नव्याने पाठ केला त्यांनी.

सात बावन्न
लेकी, काय लिहिलंस गं. आम्ही त्या अंधारात बसून खरंच वाट्टेल ते बोलायचो. काकांना नमस्कार सांग माझा.

खाली लोअर परेल
ते दिवे जायचे ते बिघाडामुळेच असं नाही पण. मधल्या एका ठिकाणी रोज जायचे, तिथे आमच्याकडे एक लहान मुलगी टाळ्या वाजवायची. ते काय होतं कुणी सांगेल का?

कारशेडमधून
मी सांगतो, मी याच कामात होतो. मुंबईत लोकल १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर चालायची. ती बदलून २५ हजार व्होल्ट एसी (हा एसी म्हणजे विजेचा प्रकार, गार हवेचा नव्हे) करायचं काम बरीच वर्षं तुकड्यातुकड्यानं चाललं. पश्चिमेला २०१२ ला पूर्ण, मध्यच्या मेन लाईनला २०१५, हार्बरवरची शेवटची डीसी लोकल २०१६ च्या एप्रिलमध्ये. मधल्या काळात एकाच गाडीला दोन्ही करंटवर चालावं लागायचं म्हणून हे रेक दोन्हीवर चालणारे घेतले. जिथे एक करंट संपून दुसरा सुरू होतो तिथे तारेचा थोडा भाग कोराच असतो, तिथून गाडी आपल्या वेगावर घरंगळत जाते, म्हणून दिवे-पंखे बंद. ती मुलगी टाळ्या वाजवायची ती अगदी बरोबर जागा होती.

आता मूळ विषयावर. लोकांना वाटतं नवीन रेक आला आणि लावला. तसं नाही हो. आधी रिकामा चालवायचा, मग वाळूची पोती भरून. गर्दीच्या वेळी दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात आपल्याकडे, तेवढं वजन पोत्यांनी द्यायचं आणि हलतो किती, थांबतो कुठे ते मोजायचं. नव्या मोटरच्या करंटमुळे सिग्नलच्या सर्किटमध्ये गडबड होत नाही ना ते वेगळं तपासायचं. मग रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी. महिनोन्‌महिने जातात. आणि एवढं करून पहिल्या सोमवारी गाडी लागली की दुपारपर्यंत आमच्याकडे दहा तक्रारी. कारण पोतं एका जागी पडून राहतं. ते दाराला टेकत नाही, दार बंद होताना हात घालत नाही, पावसात भिजून आत येत नाही. माणसांनी गाडी वापरल्याशिवाय तिची खरी परीक्षाच होत नाही. म्हणून पहिलं वर्षभर आम्ही रात्री झोपायचो नाही नीट. दिवसा गाडी मिळते कुठे दुरुस्तीला, जे काय करायचं ते रात्रीच्या त्या तीन-चार तासांत.

कोपऱ्यातली खिडकी
काका हे माहीतच नव्हतं. धन्यवाद मनापासून.

काठीवाली मैत्रीण
मी माझ्या मैत्रिणीचा अनुभव लिहिते, तिची परवानगी घेऊन. तिला दिसत नाही. रोजचा प्रवास एकटीचा. नव्या गाडीत "पुढील स्टेशन" सांगतात म्हटल्यावर ती केवढी खूश. आणि पहिल्याच आठवड्यात ते सांगणं एक स्टेशन पुढे जाऊन बसलेलं. दादर यायचंय आणि बाई सांगतेय माटुंगा. डब्यातल्या बायका एकमेकींना विचारतायत, एक तर दाराकडे निघाली घाबरून. माझी मैत्रीण शांत बसलेली. म्हणाली, "दादर अजून यायचंय, पूल गेला नाही." पुलाखालून जाताना आवाज कोंदट होतो ना, त्यावर ती इतकी वर्षं उतरत होती. त्या दिवशी अर्ध्या डब्याने तिला विचारून स्टेशनं मोजली.

पण मला राग येतो तो याचा, की ज्यांना त्या आवाजाची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच तो चुकीचा ऐकायला लागला. ज्याला दिसतं तो खिडकीतून बघून घेईल. नवीन गाड्यांमध्ये आधी हे नीट करा, बाकी रंगबिंग नंतर.

दोन नंबरचा फलाट
+१००

डोंबिवलीची सून
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. दार बंद होणाऱ्या गाडीत सगळ्यात अवघड काय झालं सांगू, उतरणं. साध्या लोकलमध्ये आपण स्टेशन यायच्या आधी दोन स्टेशनं दारात जाऊन उभे राहतो, वारा लागला की कळतं आलं. एसीत बाहेरचं काही कळतच नाही, गाडी थांबली तरी अंग मानत नाही की थांबली. माझे सासरे पहिल्यांदा बसले आणि स्टेशन गेलं पुढे, दार उघडून बंदसुद्धा झालं, ते आपले उभेच. पुढच्या स्टेशनवर उतरून परत आले. आता तेच सगळ्यांना सांगत असतात, दार उघडण्याआधीच त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं, कुठल्या बाजूला उघडणार ते आधी बघून ठेवायचं. शिट्टी झाली, नंतर येते

पंचवीस डिसेंबर
मी पहिल्या एसी लोकलने गेलेलो पहिल्या दिवशी, २५ डिसेंबर २०१७, बोरिवलीहून चर्चगेट. मुलीला घेऊन, तिसरीत होती. सगळे मोबाईल काढून, कुणाला कुठेही जायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं.

गंमत म्हणजे ही गाडी आली होती आधी कुर्ल्याला, एप्रिल २०१६ मध्ये. पण उंचीला साध्या रेकपेक्षा जास्त आणि सीएसएमटी ते कुर्ला पट्ट्यात जुने पूल खाली आलेले. मग ती पश्चिमेला द्यावी लागली. मध्यवाल्यांना कमी उंचीचे रेक येईपर्यंत थांबावं लागलं, २०२० च्या जानेवारीअखेर ट्रान्सहार्बरवर (ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणारी लाईन) सुरू झाली त्यांची.

नंतर ऑफिसला जाताना खरं कळलं. सगळी दारं बंद झाल्याशिवाय गाडी हलतच नाही, तशी रचनाच आहे. एका डब्यात एकाची पाठीवरची बॅग अडकली की बाराही डबे उभे. मी स्वतः बघितलंय, एक मुलगा कॉलेजचा, बॅगेचा पट्टा दारात, आत ओढतोय तर येईना, बाहेरून एक गृहस्थ ढकलतायत, गार्ड तिकडून दार परत उघडून बंद करतोय, तीनदा झालं असं. मुलगा रडायला आलेला. शेवटी आतल्या एका बाईने पट्ट्याचं बक्कल काढलं शांतपणे. सुटली गाडी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या मुलाला बसायला जागा दिली.

खाली लोअर परेल
बक्कलवाली बाई ❤

पहिला दर्जा नाही
पासाचं काय पण, सुरुवातीला तिकीट परवडायचंच नाही. ५ मे २०२२ ला एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं तेव्हा कुठे माझ्यासारखे बसायला लागले. पासाला ती सवलत नव्हती ना?

दोन नंबरचा फलाट
नाही, फक्त एकेरी तिकिटाला होती

पहिला दर्जा नाही
हो बरोबर, म्हणून मी उन्हाळ्यातले काही दिवस तेवढे जायचे. आईला दवाखान्यात न्यायचं असलं की एसीच.

दोन नंबरचा फलाट
आई बऱ्या आहेत ना आता?

पहिला दर्जा नाही
हो, बरी आहे. विचारलंत बरं वाटलं.

कळव्याकडून
इथे सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. नवीन गाडी आली ती जुनीच्या जागी आली की माणूस कुठे जाणार? ऑगस्ट २०२२ ला कळव्याला, बदलापूरला लोक का चिडून उतरले? साध्या लोकलच्या वेळेला एसी लावली. साधा पासवाला चढू शकत नाही आणि मागची लोकल दुप्पट भरून येते. शेवटी त्या वाढवलेल्या दहा फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. एसीला माझा विरोध नाही, माझी बायको रोज लटकत जाते, बंद दाराची गाडी तिला मिळावी असं मला कुणापेक्षाही जास्त वाटतं. पण तिला परवडेल अशी मिळावी. म्हणून हे विनाएसीला दार लावणार म्हटल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आमचा विचार झाला.

सात बावन्न
दादा अगदी पटलं. हे लिहिलंत ते बरं केलंत, माझ्या मनात होतं पण मांडता आलं नसतं. वहिनींना जपून जायला सांगा.

घामाघूम
माझा अनुभव हवेचाच. बंद दाराची गाडी, दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहिली आणि एसी बंद पडला. खिडकी उघडत नाही. पाच मिनिटं ठीक, दहा मिनिटांनी काचेवर आतून पाणी जमलं. एक गरोदर मुलगी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. बायकांनी तिला दाराजवळ खाली बसवलं, ओढण्यांनी वारा घालत होत्या, कुणी लिंबू-गोळी दिली, कुणी तिच्या नवऱ्याला फोन लावला. दाराच्या वरती आपत्कालीन हँडल असतं, पण ते ओढू की नको, ओढलं तर दार उघडून कुणी रुळावर पडलं तर? आम्ही सगळ्या शिकलेल्या, एकीलाही माहीत नव्हतं ते कधी वापरायचं. वीस मिनिटांनी गाडी हलली. त्यानंतर मी नव्या गाडीत चढले की आधी ते हँडल कुठे आहे आणि त्याखाली काय लिहिलंय ते वाचते.

मोटरमनची लेक
बापरे. बरी आहे ना ती मुलगी?

घामाघूम
हो, पुढच्या स्टेशनवर उतरवलं तिला, आम्ही चौघी बरोबर उतरलो. मुलगा झाला तिला, नंतर भेटली पेढे घेऊन.

कारशेडमधून
ताई, तुमच्यासारख्यांच्या अशा तक्रारी लेखी येतात ना, त्यावरच पुढच्या रेकमध्ये बदल होतात. विनाएसीच्या दाराला झडपा का म्हणतायत, तर नेमकं हेच. हवेची सोय विजेवर अवलंबून ठेवून चालत नाही इथे. फक्त पावसात त्या झडपांतून पाणी किती आत येतं ते बघावं लागेल. पहिला पावसाळा काढला की कळेल.

क्लिपा घ्या क्लिपा
आमच्या डब्यात एक मावशी क्लिपा, रबरबँड विकायच्या. प्रत्येक स्टेशनला उतरून पळत पुढच्या लेडीज डब्यात. दारं बंद होणारी गाडी आली की त्यांचं गणितच चुकायचं, दार आधी बंद व्हायचं. एकदा ट्रे बाहेर आणि त्या आत. फलाटावरच्या एका पोरीने तो ट्रे सांभाळला आणि पुढच्या गाडीने आणून दिला, एक क्लिप कमी नाही. आता डब्यातून डब्यात जाता येणार असेल तर मावशींना पळावं लागणार नाही. गुडघे दुखतात त्यांचे.

डोंबिवलीची सून
आले परत. सासऱ्यांना वाचून दाखवलं सगळं, ते विचारतायत मोटरमनसाहेबांची वही अजून आहे का?

मोटरमनची लेक
आहे! आत्ता काढली माळ्यावरून. पहिल्या पानावर माझा भूगोलाचा नकाशा, मग केबिन. फलाट कुठल्या बाजूला येणार त्याच्या स्टेशनवार यादीला तीन पानं, डावी हिरव्या पेनाने, उजवी लाल. बाबा शेजारीच बसलेत, म्हणतायत एक स्टेशन चुकलंय, आणि पेन मागतायत.